आपला किनारा, आपला कॅमेरा

(मंडळाच्या हौशी छायाचित्रकारांच्या प्रदर्शनात केलेलं भाषण, दिवाळी अंकासाठी थोडं आवरून-सावरून)



मागच्या खोलीतून बटाटेवड्यांचा वास येतो आहे आणि माझं भाषण संपल्याशिवाय ते बाहेर येणार नाहीत, याची मला पूर्ण कल्पना आहे. त्यामुळे वेळेचं भान ठेवूनच बोलतो.

सुरुवातीलाच सांगतो, मी कोणी मोठा फोटोग्राफर नाही. आठवडाभर सॉफ्टवेअरची हमाली करायची, शनिवारी मुलांना मराठी शाळेत पोचवायचं-आणायचं, आणि रविवारी संधी मिळाली की ट्रायपॉड गाडीत टाकून हायवे वन गाठायचा, एवढाच माझा अधिकार. कार्यकारिणीने 'दोन शब्द बोला' म्हटलं तेव्हा मी आधी इथल्या भिंतींवरची छायाचित्रं मोजून काढली. एकूण शेहेचाळीस. त्यातली एकोणीस गोल्डन गेट ब्रिजची! हसू नका, त्या एकोणीसमधली दोन माझीच आहेत.

आता प्रश्न असा, की फिशरमन्स वॉर्फवरच्या कुठल्याही दुकानात या पुलाचं आपल्यापेक्षा सरस पोस्टकार्ड मिळतं. व्यावसायिक फोटोग्राफरकडे आपल्या गाडीच्या किमतीची लेन्स असते. मग आपण पहाटे उठून, हुडहुडी भरेपर्यंत वाऱ्यात उभं राहून तेच फोटो का काढायचे? मला सुचलेलं उत्तर सोपं आहे. आपण इथे राहतो. पाहुण्यांना एक दिवस मिळतो. त्या दिवशी धुकं असलं तर ते हळहळत विमानात बसतात. आपल्याला तीच जागा पुढच्या आठवड्यात, पुढच्या महिन्यात, दहा वर्षांनीही बघता येते. हौशी माणसाकडे हे एकच भांडवल आहे, पण ते मोठं आहे. कारण आपला हा किनारा थांबून राहत नाही.

गोल्डन गेटचंच उदाहरण घ्या. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स हे नाव तुम्हाला योसेमिटीच्या कृष्णधवल चित्रांमुळे माहीत असेल. त्यांचा जन्म १९०२ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोतलाच, आणि लहानपणीचं घर या खाडीच्या तोंडाजवळचं. १९३२ साली त्यांनी तिथलं एक छायाचित्र घेतलं. त्यात पाणी आहे, दोन्ही बाजूंची भूशिरं आहेत, वर ढगांनी भरलेलं आभाळ आहे, आणि पूल नाही! कसा असणार? बांधकाम सुरू झालं जानेवारी १९३३ मध्ये आणि पूल खुला झाला २७ मे १९३७ रोजी. आज तिथे ७४६ फुटी मनोरे आणि मधला ४२०० फुटांचा गाळा उभा आहे. १९३२ ची ती फ्रेम आता कितीही महागडा कॅमेरा घेतला तरी कोणाला मिळणार नाही.

पुलाचं झालं ते माणसांनी केलेलं. समुद्र काय करतो ते पाहायचं तर सांताक्रूझला जा. तिथल्या नॅचरल ब्रिजेस स्टेट बीचवर आपण सगळेच मुलांना मोनार्क फुलपाखरं दाखवायला नेतो. मुलं हमखास विचारतात, "बाबा, ब्रिज तर एकच आहे, मग नावात ब्रिजेस का?" मूळच्या तीन कमानी होत्या. सर्वांत बाहेरची विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पडली. किनाऱ्याजवळची जानेवारी १९८० च्या वादळात कोसळली. मधली तेवढी उरली आहे. तीही मऊ मडस्टोनचीच, म्हणजे घट्ट झालेल्या चिखलाचा दगड म्हणा. ती किती वर्षं टिकेल हे लाटाच ठरवणार. त्या कोपऱ्यातला, कमानीवर पक्ष्यांची रांग बसलेला फोटो पाहिलात ना? आपल्या नववीतल्या मुलीने तो फोनवर काढलाय. माझ्या मते आजच्या प्रदर्शनातला तो सर्वांत मोलाचा फोटो आहे, कारण तिने खाली तारीख लिहिली आहे आणि ओहोटीची वेळसुद्धा.

आता थोडं घरचं सांगतो. माझे वडील अलिबागचे. २०११ साली ते सहा महिन्यांसाठी इकडे आले होते. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सगळं बे एरिया दुकानांपुढे रांगा लावत असताना आम्ही अ‍ॅप्टॉसजवळच्या सीक्लिफ बीचवर गेलो. तिथल्या लाकडी धक्क्याच्या टोकाला ते प्रसिद्ध 'सिमेंट शिप' होतं. एस. एस. पालो आल्टो, काँक्रीटचं टँकर जहाज, पहिल्या महायुद्धाच्या काळात पोलादाची टंचाई होती म्हणून तसं बांधायला घेतलेलं. १९१९ साली ते ओकलंडला पाण्यात उतरलं, पण तोवर युद्ध संपलं होतं. पुढे १९३० मध्ये ते सीक्लिफला ओढून आणलं आणि चक्क करमणुकीचं ठिकाण केलं, नाचाचा फ्लोअर वगैरे सगळं. दोन वर्षांत ती कंपनी बुडाली आणि जहाज तिथेच राहिलं.

वडिलांना जहाजाचं कौतुक होतंच, पण त्यांचं सगळं लक्ष पाण्याकडे. त्या दिवशी कार्तिक अमावास्या होती. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर भरती-ओहोटीची वेळ कळावी लागते, आणि त्यासाठी आपल्याकडचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते. म्हणजे अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. बारा वाजता भरतीच्या लाटा पाहायच्या म्हणून ते धक्क्यावर जाऊन उभे राहिले, तर पाणी केव्हाच उतरायला लागलेलं! भरती सकाळीच होऊन गेली होती. ते बराच वेळ वाकून खाली बघत राहिले आणि मग म्हणाले, "पाणी उधाणाचंच आहे रे, पण यांचं घड्याळ वेगळं दिसतंय." तेवढ्यात मी फोटो काढला.

२०१६ मध्ये वडील गेले. २०१७ च्या जानेवारीत वादळी लाटांनी जहाजाचा मागचा भाग तुटला. आणि २०२३ च्या जानेवारीतल्या वादळांनी तो धक्का इतका खिळखिळा केला की त्याच वर्षी तो पाडून टाकावा लागला. फोटो तसा बरा नाही. क्षितिज तिरकं आहे, वडिलांचा चेहरा अर्धा सावलीत आहे. पण माझ्या मुलाला आजोबा कुठे उभे होते ते दाखवायचं तर आता ती जागाच नाही. तो फोटो आहे. म्हणून मी तो आज इथे लावला आहे. तांत्रिक चुका काढायच्या असतील त्यांनी खुशाल काढाव्यात!

'एवढ्याशा हौशीने काय होणार' असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. केनेथ एडलमन हे आपल्यासारखेच कॉम्प्युटर क्षेत्रातले गृहस्थ, आपल्याच भागातले. २००२ मध्ये त्यांच्या पत्नी गॅब्रिएल हेलिकॉप्टर चालवत आणि ते उघड्या दारातून कॅमेरा धरत. दर काहीशे फुटांवर एक असे कॅलिफोर्नियाच्या जवळजवळ सगळ्या किनाऱ्याचे फोटो त्यांनी घेतले, बारा हजारांवर. सगळे लोकांना फुकट पाहायला ठेवले. पुढे त्याला राज्य सरकारची १९७२, १९७९, १९८७ सालची जुनी हवाई छायाचित्रं जोडली गेली. त्यामुळे आज कोणीही एकच कडा चार काळांत शेजारी शेजारी ठेवून पाहू शकतो.

त्यातल्या एका फोटोत मालिबूचं गायिका बार्बरा स्ट्रायसँड यांचं घर आलं. त्यांनी २००३ मध्ये पाच कोटी डॉलरचा दावा लावला. दाव्याआधी तो फोटो सहा वेळा उतरवून घेतला गेला होता, त्यातही दोनदा त्यांच्याच वकिलांनी! दाव्याची बातमी झाल्यावर महिन्याभरात चार लाखांवर लोक पाहून गेले. खटला फेटाळला गेला आणि इंग्रजीला 'स्ट्रायसँड इफेक्ट' हा शब्दप्रयोग मिळाला. गंमत बाजूला ठेवू. पण किनारा किती झिजला, कुठे कोणी भिंत बांधली, हे त्या फोटोंवरून आजही तपासता येतं.

आपल्याकडे हेलिकॉप्टर नाही, मान्य. पण कॅलिफोर्निया कोस्टल कमिशनचा 'किंग टाइड्स प्रोजेक्ट' आहे. हिवाळ्यात वर्षातली सर्वांत मोठी उधाणं येतात. त्या दिवशी पाणी कुठवर आलं याचे फोटो सामान्य लोकांनीच काढून पाठवायचे असतात. आज जे उधाणाचं पाणी आहे, तेच समुद्र वर चढला की रोजच्या भरतीचं होणार. सॅन फ्रान्सिस्कोला भरती मोजण्याची नोंद १८५४ पासून अखंड चालू आहे, आणि गेल्या शंभर वर्षांत पाणी सुमारे आठ इंच वर आलं आहे. आठ इंच आकडा म्हणून काहीच वाटत नाही. एम्बार्काडेरोच्या फुटपाथवर पाणी आलेलं फोटोत दिसलं की वाटतं.

आता वडे जवळ आले आहेत, म्हणून कामाच्या चार गोष्टी झटपट सांगतो.

पहिली, कालनिर्णय आपल्या सगळ्यांच्या फ्रिजशेजारी लटकलेलं असतंच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, एवढं त्यावरून कळतं. वेळा मात्र इथल्या टाइड टेबलवरूनच घ्या. पाऊणपटीचा हिशेब इथे चालत नाही, हे वडिलांनी सिद्ध केलंच आहे! इथे दिवसातल्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्याही सारख्या नसतात. हिवाळ्यात सर्वांत खोल ओहोटी दुपारनंतर येते, उन्हाळ्यात पहाटे. म्हणजे डिसेंबरात ओली वाळू, उघडे पडलेले खडक आणि सूर्यास्त एकाच वेळी मिळतात. उन्हाळ्यात त्यासाठी गजर लावावा लागतो.

दुसरी, सूर्य रोज एकाच जागी बुडत नाही. डिसेंबरात तो नैऋत्येला, जूनमध्ये वायव्येला. बिग सरच्या फायफर बीचवरच्या खडकाच्या भोकातून ऊन आरपार येतं ते डिसेंबर-जानेवारीतच. जुलैत जाऊन 'इथे काहीच नाही' म्हणू नका.

तिसरी, धुकं. उन्हाळ्यात वायव्येचा वारा वरचं पाणी ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. त्यावर धुकं धरतं आणि आतला तापलेला प्रदेश ते खाडीतून ओढून घेतो. स्वच्छ संध्याकाळी हव्या असतील तर सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे गणपती ते दिवाळी.

चौथी, मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोचा आकारही घटतो आणि त्यातली तारीख-जागेची नोंदही निघून जाते. घरी आल्यावर नाव, जागा, तारीख, पाणी चढतं होतं की उतरतं, एवढी एक ओळ लिहून ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. समुद्राकडे पाठ करून उभं राहू नका. पंधरा-वीस मिनिटं शांत दिसणाऱ्या पाण्यातून एखादी लाट अचानक खूप वर येते, आणि हे पाणी गोव्यासारखं कोमट नाही, पन्नास-साठ डिग्री फॅरनहाइटचं आहे. कड्यांच्या कडा आतून पोकळ असतात. लहान मुलं बरोबर असतील तर एका मोठ्या माणसाने कॅमेरा हातात घ्यायचाच नाही, फक्त मुलांकडे बघायचं. आमच्या घरी हा नियम सौभाग्यवतींनी केलाय आणि त्यात सूट नाही.

शेवटी मंडळापुढे एक सूचना मांडतो. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराजवळची एकच जागा निवडायची. पिजन पॉइंटचं १८७२ सालचं दीपगृह असेल, हाफ मून बे असेल, नाहीतर आपल्या गावातली खाडीकाठची पायवाट. वर्षातून चार वेळा, त्याच ठिकाणी उभं राहून, एक फोटो. त्यातला एक हिवाळ्यातल्या उधाणाचा. जमलं तर एका फोटोत घरातलं माणूस उभं करा, उंचीचा अंदाज येतो आणि पुढे दुसऱ्या कारणासाठीही उपयोगी पडतो. पुढच्या वर्षी याच भिंतींवर आपण ते जोडीजोडीने लावू. कोणाला कॅमेरा नसेल तर फोन चालेल. कोणाला जागा सुचत नसेल तर मला भेटा, माझ्याकडे यादी आहे.

आपण इथे येऊन कोणी दहा, कोणी तीस वर्षं झाली. तरी 'आपला समुद्र' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अलिबाग, मुरुड, मालवण येतं, आणि ते यावंच. आपल्या मुलांचा समुद्र मात्र हा आहे. त्याची ओळख आपण त्यांच्याबरोबर करून घेऊ शकतो, आणि त्याची थोडी नोंदही ठेवू शकतो.

यंदा लक्ष्मीपूजन आटोपलं की दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन किनाऱ्यावर चला. नुकतीच अमावास्या झालेली, म्हणजे पाणी उधाणाचंच असेल. वेळ मात्र टाइड टेबलात बघून निघा.

वडे गार होताहेत. सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!