गांवकीचा कारभार

कर्जतकडे जाणारी आगगाडी बदलापूर सोडते आणि नगरपालिकेची हद्द संपून ग्रामपंचायतींचा मुलूख लागतो. येथील कारभार 1958 च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमान्वयें चालतो. ग्रामसभेंत चर्चा दिवाबत्तीची, गटारांची, पाणपट्टीची. शहरवासीयांस हे विषय क्षुल्लक वाटतील. पण उल्हास नदीकांठीं ते तसे नाहींत. 27 जुलै 2019 रोजीं तिच्या पुरांत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली. हजारांहून अधिक प्रवाशांच्या सुटकेस नौदल व आपत्ति-निवारण दल आलें, तसे आसपासचे गांवकरीही धांवले. आतां शेतांत इमले उठत आहेत. ओढ्यांत भराव कोणी टाकला, हा प्रश्न ग्रामसभेंत विचारावयाचा असतो. आणि ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी, असेंही कायदा सांगतो.