अक्कल कुणाच्या बापाची?

'प्रतिभा जन्मजात असते' हे वाक्य मला शिवीसारखं लागतं. जन्मावरून माणसाची अक्कल ठरवायचा धंदा या देशात किती जुना, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून आज एका सोव्हिएत माणसाबद्दल बोलतो. गेन्रिख अल्टशुल्लर.

हा गडी नौदलात, पेटंटचे अर्ज तपासायच्या कामावर. तपासता तपासता त्याला दिसलं, की धंदे वेगळे, पण शोध लावणाऱ्यांच्या युक्त्या त्याच त्याच. मग त्या मोजता येतील, शिकवताही येतील! १९४८ मध्ये मित्र शापिरोबरोबर त्याने थेट स्टालिनला पत्र लिहिलं : देशात शोधांची दुर्दशा आहे. १९५० मध्ये अटक झाली. पंचवीस वर्षांची शिक्षा, व्होर्कुताची छावणी. कामगारांचं राज्य म्हणे, आणि डोकं चालवणारा माणूस सोसवला नाही!

स्टालिन १९५३ ला मेला, हा १९५४ ला सुटला. १९५६ मध्ये दोघांचा पहिला लेख छापून आला. १९७१ मध्ये बाकूत इंजिनिअरांना शोध लावायला शिकवणारी संस्था उभी राहिली. पुढे मुलांच्या पेपरातही तो कोडी घालू लागला.

त्याच्या पद्धतीचं नाव 'ट्रिझ'. त्यात चाळीस युक्त्या. मुळाशी एकच गोष्ट : अंतर्विरोध नेमका पकडा. छत्री मोठी हवी आणि लहानही हवी. मधल्या मापाची केलीत तर ती तडजोड, तुम्ही भिजणारच. पावसात मोठी, पिशवीत लहान अशी घडीची छत्री, हा शोध.

आता हीच पद्धत आपल्या वस्तीत आणा. गटार साफ झालं पाहिजे. आत माणूस उतरता कामा नये. यंत्रं आहेत. २०१३ चा कायदा आहे. तरी माणूस उतरतोय, गुदमरून मरतोय. का? कारण आपला माणूस यंत्रापेक्षा स्वस्त पडतो. हा अंतर्विरोध यंत्राचा नाही, जातीचा आहे. त्यावर चाळीसातली एकही युक्ती चालत नाही. तिथे रस्त्यावरच उतरावं लागतं.

म्हणून दोन्ही शिका. तुमच्यातले जे इंजिनिअर, डॉक्टर होताहेत त्यांनी शोध लावायची रीत शिकावी. ती कुणाच्या बापाची नाही. आणि प्रश्न विचारणं सोडू नका. झेंडा लाल असो नाहीतर आपला निळा, प्रश्न विचारणाऱ्याला आत टाकणारं राज्य आपलं नव्हे.

जय भीम!