दगडात दिसणारी जनावरे
(वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



मुलांच्या हस्तव्यवसायाविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून मजसारखा एक निवृत्त शिक्षक आपणापुढे उभा आहे. मी निवडलेला विषय ऐकून काही मंडळींच्या कपाळी आठी पडली, हे मला येथून दिसते. नदीतले गोटे आणावेत, त्यांस रंग द्यावा आणि त्यांचे कासव, बेडूक, बैल करावेत, हा विषय वडार समाजाच्या व्यासपीठावर कशाला? ज्या दगडाने आपल्या वाडवडिलांच्या पाठी मोडल्या, त्याचेच खेळणे मुलांच्या हाती द्यावयाचे काय?

हा प्रश्न माझा नव्हे. नोकरीच्या उमेदीच्या काळात एका मातेने तो मला शाळेच्या दारात उभे राहून विचारला होता. "गुर्जी, हातातला दगड सुटावा म्हणून लेकराला शाळेत धाडलं, अन् तुम्ही बी त्याच्या हातात दगडच देलात का?" त्या माउलीच्या हातांस घट्टे पडले होते आणि तिचा धनी खाणीतील धुळीने छाती भरून अंथरुणास खिळला होता. मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. आज जे बोलणार आहे ते तिलाच उद्देशून आहे असे समजावे.

परभणी जिल्ह्यात दगडाला तोटा नाही. आपण ज्या काळ्या पाषाणावर घण घातला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेला लाव्हा थिजून झालेला आहे. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत गारगोटी, अकीक असे खडे तयार झाले. गोदावरी, पूर्णा, दुधना ह्या नद्यांनी हे सारे शतकानुशतके लोळवून गुळगुळीत केले. गंगाखेडच्या पात्रात पाणी उतरले म्हणजे असे गोटे हाती लागतात. वाळूच्या उपशाने नद्यांची जी दशा झाली आहे ती आपण पाहतोच. तेव्हा मुलांनी दोन-चार गोटे आणावेत, पोते भरून आणू नयेत, एवढे बजावून पुढे जातो.

आता कृती. गोटा प्रथम वाजवून पाहावा. जात्याचा दगड निवडताना आपली जुनी माणसे हातोडीचा हलका ठोका देऊन नाद ऐकत. खणखणीत वाजला तर दगड सलग, बद्द वाजला तर आत चीर. मुलांनी हे करावे असा माझा आग्रह असे, कारण चीर असलेला गोटा हातातून पडताच दुभंगतो आणि मूल रडते. नंतर तो धुऊन दोन दिवस उन्हात वाळवावा. मग मात्र रंगाची घाई करू नये. गोटा हातात घेऊन चोहोबाजूंनी फिरवावा आणि त्यात कोण बसले आहे ते पाहावे. चपटा लांबट असेल तर मासा, घुमटासारखा असेल तर कासव, एका टोकाला निमुळता असेल तर उंदीर, उभा त्रिकोणी असेल तर घुबड. मुलाने आधी 'घोडा करीन' असे ठरविले तर तो फसतो, कारण घोड्याला चार पाय सुटे लागतात आणि गोट्याला पाय नसतात.

येथे एक गोष्ट सांगतो. शिवालयातील नंदी बसलेलाच का असतो, असे एका चुणचुणीत मुलाने मला विचारले. धर्मशास्त्रात काय आहे ते शास्त्री सांगतील. मी पाथरवटाचे उत्तर दिले. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. उभ्या बैलाचे बारीक पाय घडविताना तुटतात, घडले तरी पुढे तुटतात. पाय पोटाशी मुडपून बसविला की तो शेकडो वर्षे टिकतो. वेरूळच्या कैलास लेण्यात जोत्याशी जे हत्ती आहेत, त्यांचे पाय जाड आणि अंग पाठीमागच्या कातळातून न सुटलेले, हेही त्याच हिशेबाचे. ते मूल म्हणाले, "म्हणजे दगडाला विचारून जनावर करायचं." मला इतके चांगले सांगता आले नसते.

माणसाला दगडावर जनावर काढावेसे वाटते ही हौस फार जुनी आहे. कोकणात राजापूर तालुक्यातील कशेळी येथे जांभ्या कातळाच्या सड्यावर प्रचंड हत्ती कोरलेला आहे. कोकणातील अशी कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. ती खोदणाऱ्याचे नाव-गाव कोणास ठाऊक नाही. पण हातात टाकी धरणाराच तो कोणी असणार, एवढा अभिमान आपण बाळगावयास हरकत नाही.

रंगांविषयी मात्र मला एक कबुली द्यावयाची आहे. माझ्या लहानपणी पोळ्याला मातीचे बैल विकत घेण्याइतके पैसे आमच्या घरी नसत. श्रावणी अमावास्येला वडील एक बरा गोटा आणीत, आई त्याला खडूने शिंगे काढी आणि पाठीवर शेंदराचे बोट ओढी. तेच मी पुढे वर्गात चालविले. कित्येक वर्षे लहान मुले माझ्यासमोर शेंदूर बोटाने कालवीत आणि तीच बोटे तोंडात घालीत. बाजारात मिळणारा शेंदूर बहुधा शिशाच्या संयुगाची भुकटी असतो आणि शिसे पोटात गेल्यास मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, हे मला फार उशिरा कळले. कळले त्या रात्री झोप आली नाही. माझ्या हातून कोणाचे काय नुकसान झाले असेल, ह्याचा हिशेब मला कधीच लागावयाचा नाही. तेव्हा भगिनींनो, देवाला वाहिलेला शेंदूर देवापाशीच राहू द्या, मुलांच्या हाती देऊ नका. घरच्या रंगांत शिसे दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक नसावे असा केंद्र सरकारचा २०१६ चा नियम आहे आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. पण माळ्यावर पडलेले जुने डबे त्यापूर्वीचे असतात, ते उघडू नयेत.

मग लाल रंग कोठून आणावा? गेरू आहे. शिवाय हळदीत चिमूटभर चुना मिसळला की तिचे कुंकू होते. हा चमत्कार पाहताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. चुना मात्र मोठ्या माणसाने हाताळावा, तो डोळ्यांस घातक. पांढऱ्यास खडूची पूड, काळ्यास कोळसा, आणि सर्वांस चिकटपणा यावा म्हणून बाभळीचा डिंक. हळद उन्हात विटते. विटू द्यावी, पुढल्या वर्षी पुन्हा रंगवावे.

खर्चाची ही काटकसर काही मी काढलेली नव्हे. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील बालशिक्षणाचे कार्य आरंभिले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे ह्यांवरच मुलांचे शिक्षण उभे केले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. आपल्या मुलांना साधने नाहीत अशी तक्रार करणाऱ्या शिक्षकांनी हे कार्य अवश्य अभ्यासावे.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे येतो. खडीच्या कामावर आलेल्या एका कुटुंबातील मुलगी माझ्या वर्गात दोनच महिने होती. सगळ्यांनी मोर, वाघ केले; तिने गाढव केले. वर्ग हसला. तुम्हा-आम्हास गाढवाचे हसू येणार नाही. माती आणि दगड वाहून त्यानेच आपली पिढ्यान्पिढ्यांची चूल पेटविली. मी जवळ जाऊन पाहिले तर त्याच्या करड्या पाठीवर तिने एक लाल ठिपका दिला होता. मला वाटले, रंग सांडला. पुसू लागलो, तशी ती म्हणाली, "पुसू नका गुर्जी, त्याच्या पाठीला लागलंय." वर्गातील चाळीस जनावरांत दुखणे असलेले तेवढे एकच होते. काम संपताच ते कुटुंब पुढे गेले. मुलगी नंतर कोठे शिकली की नाही, मला कळले नाही. गाढव अद्याप माझ्या घरी फळीवर आहे.

बाई, तुमच्या लेकराने दगड फोडावा असे माझ्या मनात कधीच नव्हते. त्याने दगडाकडे पाहावे, एवढीच इच्छा होती. आपण आयुष्यभर दगड फोडला, परंतु तो निवांत पाहावयास आपल्याला कोणी फुरसत दिली नाही.

आपल्या समाजाच्या वसतिगृहांतून आणि आश्रमशाळांतून पोळ्याच्या आदल्या दिवशी एक दुपार ह्या कामासाठी काढावी, अशी विनंती मी कार्यकारी मंडळाकडे लेखी दिली आहे. त्यास खर्च गेरूचा आणि डिंकाचा, एवढाच. मंडपाच्या डाव्या अंगाला मुलांनी काल केलेले बैल आणि कासवे मांडली आहेत. जाताना अवश्य पाहावीत. मात्र हात लावताना जपावे, शेवटच्या ओळीतील रंग अजून वाळलेला नाही.