सिंदखेडचे जाधवराव : पराक्रम कोणासाठी?

(व्याख्यानाचे शब्दांकन)

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी हजारो मस्तके नत होतात. त्याच गावात लखुजी जाधवरावांची भव्य समाधी आहे. जन्मस्थानी वंदन करणाऱ्याने त्या समाधीसमोरही क्षणभर उभे राहावे. मराठी पराक्रमाचे वैभव आणि त्याची शोकांतिका, दोन्ही तेथे एकत्र भेटतात.

जाधवराव आपले मूळ देवगिरीच्या यादवांशी जोडत. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि पुढच्या दोन तपांत यादवांचे राज्य लयास गेले. राज्य गेले, तरी तलवारीचे पाणी गेले नव्हते. मात्र ती तलवार आता सुलतानांच्या चाकरीत चालू लागली. लखुजींनी निजामशाहीत मोठा लौकिक मिळविला. सिंदखेडचे वतन, तलाव, मंदिरे, वाडे आणि पदरी हजारोंची फौज असे त्यांचे ऐश्वर्य होते. पुढे ते मोगलांना मिळाले, तेव्हा मुलानातवंडांसह साऱ्या कुटुंबाला मिळून २४ हजार जात आणि १५ हजार स्वार एवढी मनसब लाभली. दक्षिणेतील सत्तेचा तोल ज्यांच्या हालचालींनी ढळत असे, असे हे घराणे होते.

पण या वैभवाचा पाया कोणता? सुलतानाची मर्जी! १६२४ च्या भातवडीच्या रणात लखुजी मोगलांच्या बाजूस, तर जावई शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूस उभे होते. सासरा आणि जावई दोघेही शूर, दोघेही परक्याच्या निशाणाखाली! पुढे लखुजी पुन्हा निजामशाहीकडे वळले. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात दरबारासाठी आलेल्या लखुजींची, अचलोजी व राघोजी या पुत्रांची आणि यशवंतराव या नातवाची दगाबाजीने हत्या झाली. ज्या देवगिरीत पूर्वजांनी राज्य केले, त्याच देवगिरीत वंशजांचे रक्त सांडले. पिढ्यान्‌पिढ्यांची सेवा एका दिवसात निष्फळ ठरली. उरलेले आप्त जीव वाचवून सिंदखेडला परतले आणि पुन्हा मोगलांच्याच आश्रयास गेले.

आता एक तारीख ध्यानात घ्यावी. या हत्याकांडानंतर सुमारे सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवराय जन्मास आले. पिता, बंधू आणि भाचा गमावलेली माता त्या वेळी गर्भवती होती. परक्याच्या चाकरीचे फळ तिने आपल्या माहेरीच पाहिले होते. स्वराज्याच्या संकल्पामागे हे दुःख नव्हते, असे कोण म्हणेल?

स्वराज्य उभे राहिले आणि जाधवांच्या पराक्रमाला योग्य दिशा मिळाली. याच कुळातील धनाजी जाधवांनी मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धात औरंगजेबाच्या सेनेला सळो की पळो करून सोडले. सेनापतिपदापर्यंत पोहोचलेले हे नाव आजही आदराने घेतले जाते. मात्र संताजी घोरपडे आणि धनाजी यांच्यातील वैराने स्वराज्याची मोठी हानी केली, हेही विसरता येत नाही. १७०८ साली धनाजी निवर्तले. त्यांचा पुत्र चंद्रसेन सेनापती झाला. परंतु बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या कलहातून १७११ साली त्याने शाहू छत्रपतींचा पक्ष सोडला. प्रथम ताराबाईंकडे आणि अखेर निजामाकडे! भालकीची जहागीर मिळाली, पण सेनापतीचा पुत्र स्वराज्याविरुद्ध उभा राहिला. शंभर वर्षांत चक्र पुन्हा मूळ जागी आले.

या घराण्यात शौर्याची उणीव कधीच नव्हती. उणीव भासली ती मानापमानापेक्षा मोठ्या निष्ठेची. ती निष्ठा होती तोवर धनाजी घडले. ती सुटली तेव्हा चंद्रसेन घडला. आज वतने नाहीत, मनसबी नाहीत. पद, प्रतिष्ठा आणि रुसवे मात्र प्रत्येक संस्थेत, प्रत्येक कार्यात आहेत. आपला रुसवा कोणाच्या कामी येतो आहे, हा प्रश्न कार्यकर्त्याने स्वतःस नित्य विचारावा. सिंदखेडच्या समाधीला वाहण्याजोगे याहून योग्य फूल नाही.