सीसीएनए परीक्षेचा अभ्यास: गठ्ठा की सराव?



विद्यार्थ्यांपुढे चार शब्द बोलण्याची मंडळाने आज्ञा केली, तेव्हा विषयासाठी आम्हांस फार दूर जावे लागले नाही. अलीकडे आपल्या घराघरांतून सीसीएनए हे नाव कानी पडते. संगणकांची जाळी बांधण्याच्या व राखण्याच्या विद्येची ही परीक्षा सिस्को कंपनी १९९८ पासून घेत आली आहे. तीस बसण्यास पदवीची अट नाही. आम्ही जुने मॅट्रिक. या विद्येत आमचा अधिकार नाही. तथापि तिचा अभ्यास कसा फसतो हे आम्ही जवळून पाहिले आहे, आणि त्या फसण्यात आमचाही हात होता.

आमच्या थोरल्या बंधूंच्या चिरंजीवाच्या हाती एका खाजगी वर्गाने ६०० प्रश्नोत्तरांचा गठ्ठा ठेवला. त्याने आमचा सल्ला विचारला. उभा जन्म मुलांना ‘अपेक्षित प्रश्नसंच’ वाटण्यात गेलेले आम्ही, म्हणालो, “कर पाठ.” परीक्षेची फी सुमारे ३०० डॉलर, म्हणजे २५ हजारांवर रुपये. वहिनींनी ती भिशीच्या पैशांतून भरली. परीक्षा १२० मिनिटांची. पुढे गेल्यावर मागील प्रश्नाकडे परतता येत नाही. नुसते पर्याय निवडावयाचे नसतात, पडद्यावरील यंत्र जुळवूनही दाखवावे लागते. तेथे मुलाचे हात थांबले. असले फुटके प्रश्न वापरणाऱ्याचे प्रमाणपत्रही कंपनी रद्द करू शकते, हे आम्हांस मागाहून कळले. वहिनी आम्हांस एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते!

पुढील सहा महिने आम्ही रोज सायंकाळी त्याच्या शेजारी बसलो. गठ्ठा रद्दीत गेला. कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेली विषयसूची छापून भिंतीवर लावली. तीत कोणत्या भागास किती भार आहे हे दिलेले असते. मार्ग शोधून माहिती पोहोचविण्याच्या भागास सर्वांत अधिक, शेकडा २५. गठ्ठ्याच्या मागे लागलेल्या मुलाने ती सूची पूर्वी उघडूनही पाहिली नव्हती.

सरावासाठी ‘पॅकेट ट्रेसर’ घेतले. सिस्कोच्या शिक्षणस्थळावर नाव नोंदविले की ते विनामूल्य मिळते व साध्या संगणकावर चालते. त्यात राउटर, स्विच मांडावे, तारा जोडाव्या, आज्ञा द्याव्या. माहितीचे पाकीट एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाताना टपालाच्या लिफाफ्यासारखे दिसते आणि अडले की त्यावर तांबडी फुली येते. आम्हां म्हाताऱ्यास त्या फुलीचेच अप्रूप! दोन स्विच, दोन व्हीलॅन मांडून चालू झाले, की आम्ही त्यास बाहेर पाठवीत असू आणि गुपचूप एक ओळ बिघडवून ठेवीत असू. परत येऊन त्याने दोष हुडकावयाचा. प्रथम एक तास लागे. पुढे पाच-सात मिनिटांत तो ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ देऊन नेमक्या जागी बोट ठेवू लागला.

पत्त्यांची विभागणी मात्र कागदावर. १९२.१६८.१.०/२६ म्हणजे ६४ पत्ते. पहिला जाळ्याच्या नावाचा, शेवटचा सर्वांना हाक मारण्याचा, उरले ६२. अशी दहा गणिते रोज, पाढ्यांप्रमाणे. पाठांतराचे आम्ही वैरी नव्हे. पाठ काय करावे एवढाच प्रश्न आहे.

कित्येक पालक जुने राउटर विकत आणण्याच्या विचारात असतात. आरंभी त्याची गरज नाही. ‘जीएनएस-३’ हे साधन खऱ्या यंत्रातील प्रणाली चालविते, पण ती प्रणाली परवान्यानिशी मिळवावी लागते व संगणकही दमदार हवा. ते पुढच्या परीक्षांसाठी राहू द्यावे. ‘वायरशार्क’ मात्र फुकट आहे; आपल्याच घरच्या जाळ्यातून काय वाहते ते त्यात पाहावे, दुसऱ्याच्या नव्हे.

पुतण्या दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला. प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षे, तेव्हा अभ्यास सुटलेला नाही. ती दुसरी फी आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून भरली. पहिली वहिनींना परत देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. यास्तव ते पैसे मंडळाच्या विद्यार्थी निधीत आज जमा केले आहेत. ज्या मुलामुलींना बसावयाचे असेल त्यांनी रविवारी सकाळी आमच्या घरी यावे. पुतण्या शिकवील, बिघडविण्याचे काम आम्ही करू. येताना वही व पेन्सिल आणावी.