पनवेलच्या खाडीतला काळा चिखल

ओहोटीच्या वेळी पनवेलच्या खाडीवरून जाताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो. आपण नाक मुरडून सांडपाण्याला बोल लावतो. सांडपाण्याचा दोष असतोच, पण सगळा नाही.

तिवरांची पानं गळून चिखलात पडतात. अगदी वरच्या थरात ऑक्सिजन असतो, तिथे बुरशी आणि जिवाणू ती कुजवायला घेतात. काही मिलिमीटर खाली गेलं की ऑक्सिजन संपतो. तिथले जिवाणू मग समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वसन भागवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. वास त्याचाच. सल्फाइड लोहाशी संयोग पावतं, म्हणून तो चिखल काळाकुट्ट. काडीने जरा उकरून बघा, वर तपकिरी साय आणि खाली काळं दिसेल.

अशा गुदमरलेल्या जागी तिवर जगतं कसं? त्याची श्वसनमुळं चिखलातून वर डोकावतात आणि ओहोटीला हवा घेतात. जास्तीचं मीठ ते पानांवाटे टाकतं. पान चाटलं तर खारट लागतं. खाडीचं पाणी पाहता मी तसा आग्रह धरणार नाही!

अर्धवट कुजलेली पानं, त्यांवरच्या जिवाणूंसकट, खेकडे आणि कोळंबीची पिल्लं खातात. खेकड्यांवर, निवटी माशांवर बगळे टपलेले असतात. पुढे कोळ्यांच्या जाळ्यात येणारी कोळंबी लहानपणी अशाच चिखलावर पोसलेली असते.