जीभ वळते तशी भाषा वळते

हातातलं काम चालू द्या, फक्त तोंडाने माझ्याबरोबर म्हणा, ‘माझा मुलगा’. आता म्हणा, ‘माझी मुलगी’.

दोन्हीकडे अक्षर ‘झ’च. पण ‘माझा’ म्हणताना जिभेचं टोक दातांमागे टेकतं आणि ‘माझी’ म्हणताना जीभ वर टाळूला लागते. असं का? ‘ई’ म्हणायला जीभ टाळूजवळ न्यावी लागते, म्हणून ती आधीच तिकडे निघते. व्याकरणात अशा उच्चाराला तालव्य म्हणतात. तालू म्हणजे टाळू.

गोठ्यातही हेच. एक म्हैस, दोन म्हशी. गटाची वर्गणी ठरवताना आपण ‘माणूस’ म्हणत नाही, ‘दर माणशी’ म्हणतो. ‘ई’ आली आणि ‘स’चा ‘श’ झाला. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, आपण ऐकत ऐकत उचललं.

‘य’सुद्धा टाळूजवळचाच. संस्कृतातल्या ‘अद्य’चं प्राकृतात ‘अज्ज’ झालं आणि मराठीत ‘आज’. ‘विद्युत्’ची झाली ‘वीज’, ‘संध्या’ची ‘सांज’. ‘द’ आणि ‘य’ जवळ आले, त्यांचा ‘ज’ झाला. ‘ध’ आणि ‘य’चा प्राकृतात ‘झ’ झाला. पिढ्यान्‌पिढ्या बोलता बोलता हे घडलं. आज ‘वीज गेली’ म्हणणाऱ्या बाईला कुणी अडाणी म्हणतं का?

मग नव्या सुनेच्या माहेरच्या बोलीला आपण का हसतो? आमच्या गटातली एक ताई सगळ्यांचा हिशेब तोंडी सांगते. पण ग्रामसभेत एकदा कुणी तिच्या बोलण्याची नक्कल केली, तेव्हापासून ती तिथे तोंड उघडत नाही. पाण्याचा प्रश्न तिच्या वाडीचा, आणि त्यावर बोलतात दुसरेच.

अर्ज लिहिताना शाळेतली प्रमाण मराठी जरूर वापरू या, ती सगळीकडे चालते. पण बोलायला उभं राहण्यासाठी आधी बोली बदलायची गरज नाही. पुढच्या बैठकीत एवढं करा, जी सगळ्यांत कमी बोलते तिला पहिल्यांदा बोलू द्या. तिच्या शब्दांना हसू नका, आणि ती म्हणेल ते तिच्याच शब्दांत वहीत लिहून घ्या.